चॉकलेटच्या डब्याची हिशेबतपासणी

तीस वर्षे मी हिशेबतपासनिसाची नोकरी केली. दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका शोधून काढायच्या आणि त्यांच्याखाली तांबडी रेघ ओढायची, हाच माझा धंदा. ‘गेल्या वर्षी बरोबर होते, म्हणजे यंदाही असेल’ असे कोणी म्हणाले, की मी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहत असे. असल्या माणसाच्या हातून आयुष्यातली सर्वांत मोठी चूक व्हावी, आणि तीही एखाद्या खतावणीत नव्हे, तर भाऊबीजेच्या दिवशी स्वतःच्या दिवाणखान्यात, एका चॉकलेटच्या डब्यावर, याला काय म्हणावे?

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. आमची नात तेव्हा सहा वर्षांची होती. तिला गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही किंवा बाधतो एवढेच नव्हे. गव्हाचा कणही तिच्या पोटात जाता कामा नये असे डॉक्टरांनी आदल्या वर्षीच बजावले होते. घरातल्या सगळ्यांनी ते पाळलेही होते. त्या भाऊबीजेला सुनेचा भाऊ आला. येताना भाचीसाठी सोनेरी कागदात गुंडाळलेला, वर पणत्यांचे चित्र असलेला चॉकलेटचा मोठा डबा घेऊन आला. डब्यावर नाव होते ते आमच्या चांगल्या ओळखीचे. त्याच कंपनीची साध्या दुधाच्या चॉकलेटची वडी मी स्वतः तपासून पसंत केली होती, आणि ती महिन्यातून दोनदा घरात येत असे.

नातीने डबा उघडला नाही. माझ्याकडे पाहून तिने विचारले, “आजोबा, हे मला चालेल?” सून हळूच म्हणाली, “बाबा, मागे काय लिहिलंय ते एकदा बघता का?”

मी काय करावे? व्याह्यांकडचा पाहुणा समोर बसलेला. त्याने हौसेने आणलेला डबा त्याच्यादेखत उलटासुलटा करायचा, भिंग लावून बारीक अक्षरे वाचायची, म्हणजे जणू त्याने आणलेल्या नोटा खऱ्या आहेत की खोट्या ते दिव्यासमोर धरून पाहायचे! मला ते बरे दिसेना. मी ऐटीत म्हणालो, “अगं, हीच कंपनी तर आपण नेहमी आणतो. खा बाळ, चालतंय.”

तिने दोन खाल्ली. रात्री दोन वाजता ओकाऱ्या सुरू झाल्या. पुढचे चार दिवस पोर पोट धरून पडून होती. सकाळी मी रद्दीतून तो डबा काढला आणि भिंग लावले. घटकांच्या यादीत चौथ्या जागी गव्हाचे पीठ होते. आतल्या पाचांपैकी दोन प्रकारांत बिस्किटाचा चुरा होता. आणि यादीखाली, ठळक अक्षरांत, गहू आहे असे निराळे छापलेही होते. कंपनीने काही लपवले नव्हते. पाहुण्याचा काही दोष नव्हता. छापलेला हिशेब समोर असताना न वाचता सही करणारा तपासनीस मी होतो!

नातीने मला एका शब्दाने बोल लावला नाही. बरी झाल्यावर एवढेच म्हणाली, “तुम्ही वाचलं नव्हतं ना?” ते शब्द अजून कानांत आहेत. तेव्हापासून मी हा विषय हाती घेतला. जे शिकलो ते इथे सांगतो. न जाणो, वाचकांपैकी कोणाच्या घरी अशीच एखादी चिमुरडी असेल.

पोळीचे वैर

या दुखण्याला ‘सिलिअ‍ॅक’ म्हणतात. कणीक मळल्यावर ती चिवट होते, ताणली जाते, ती ज्याच्यामुळे, तो गव्हातला पदार्थ म्हणजे ग्लुटेन. मळलेल्या कणकेचा गोळा नळाखाली धुवत राहिले तर पीठ वाहून जाते आणि हातात रबरासारखा लगदा उरतो, तोच तो. गव्हाखेरीज जव (आपण सातू म्हणतो तो) आणि राय या धान्यांतही त्याचे भाऊबंद आहेत. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या पोटात हा पदार्थ गेला, की शरीराची संरक्षक यंत्रणा उलट आपल्याच लहान आतड्यावर चाल करून जाते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवेसारखे अंकुर असतात. अन्नरस शोषायचे काम त्यांचे. ते झडतात, सपाट होतात. मग मूल चांगले जेवूनही वाळत जाते, वाढ खुंटते, पोट फुगते, रक्त कमी होते. आमच्या नातीला आम्ही दीड वर्ष ‘जंत असतील’, ‘दात येताहेत’ असे म्हणत काढे पाजले, हे सांगायला आज लाज वाटते.

गव्हाचा हा दोष प्रथम नीट ओळखला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. त्याला आधीपासूनच संशय होता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५च्या हिवाळ्यात, हॉलंडात अन्नान्नदशा झाली आणि पाव मिळेनासा झाला. सगळा देश भुकेला असताना या दुखण्याची मुले मात्र बरी दिसू लागली, आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली! १९५० साली त्याने आपला प्रबंध सादर केला आणि तेव्हापासून या रोगावरचा उपाय निश्चित झाला. तो म्हणजे जन्मभर ग्लुटेनविरहित आहार. आजही औषध असे दुसरे नाही.

हा रोग आपल्याकडचा नव्हे, असा समज आहे. तो खरा नाही. दिल्लीच्या परिसरात केलेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे शंभरांत एक माणूस या व्याधीचा आढळला. दक्षिणेकडे प्रमाण कमी आहे, पण आहेच. शंका आल्यास आधी रक्ताची तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून परीक्षा करतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: तपासणीपूर्वीच आपल्या मनाने गहू बंद करू नये, नाहीतर खरा रोगसुद्धा तपासणीत दिसत नाही.

‘इतकासा चुरा, त्याने काय होणार?’ हा प्रश्न मला शंभर जणांनी विचारला असेल. इटालियन डॉक्टरांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन ९० दिवस दिल्यावर आतड्याची हानी दिसून आली. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे किती? एका पोळीचे पन्नास तुकडे करा. त्यातला साधारण एक. आणखी वाईट म्हणजे सगळ्यांनाच ओकाऱ्या होत नाहीत. काहींना काहीच जाणवत नाही, आणि आतडे आपले आतल्या आत झिजत राहते. तेव्हा ‘खाऊन बघू, काही झालं तर कळेलच’ ही तपासणी नव्हे.

चॉकलेट आणि त्याची संगत

गंमत अशी, की चॉकलेट बिचारे मुळात निष्पाप आहे. कोकोच्या बिया, कोकोचे लोणी, साखर, दुधाची भुकटी, थोडे सोयाचे लेसिथिन. यात कुठे गहू आहे? बिघडते ते संगतीने.

संगत तीन प्रकारची. पहिली उघड: आतली वेफर, बिस्किटाचा चुरा, केकचे तुकडे. किटकॅटमध्ये वेफर असते हे मुलांनाही ठाऊक आहे. फेरेरो रोशेच्या सोनेरी गोळीतही गव्हाच्या पिठाच्या वेफरचे कवच असते. दुसरी संगत चोरटी: माल्ट. जवाला मोड आणून, वाळवून, भाजून माल्ट करतात, आणि तो गोडी व खमंगपणासाठी कुठेही घालतात. चॉकलेटातले कुरमुऱ्यासारखे कुरकुरीत दाणे ‘तांदळाचे’ म्हणून आपण निर्धास्त असतो. त्या तांदळाला पुष्कळदा जवाच्या माल्टचा हात लागलेला असतो. (माल्टोडेक्स्ट्रिन मात्र नावापुरताच माल्टचा नातेवाईक आहे. तो बहुधा मक्याच्या वगैरे स्टार्चपासून करतात. त्याला घाबरू नये.) तिसरी संगत अदृश्य: कारखान्यात ज्या यंत्रावरून सकाळी वेफरचे चॉकलेट गेले, त्याच यंत्रावरून दुपारी साधे चॉकलेट जाते, आणि चुरा मागे राहतो.

सणासुदीच्या मालात नेमकी इथेच गफलत होते. बारमाही वडी एका ठिकाणी, एका यंत्रावर तयार होते. दिवाळीचा डबा, नाताळची लाल टोपीवाली बाहुली, ईस्टरचे अंडे ही चार महिन्यांपुरती मागणी. तिच्यासाठी साचे निराळे, कधी यंत्र निराळे, कधी कारखानाच निराळा. शिवाय डब्यात पाच जातींचे चॉकलेट एकत्र. नाव तेच, रंग तोच, चवही तीच. पण हिशेब वेगळा! आणि गेल्या दिवाळीचा डबा निर्धोक होता म्हणून यंदाचा असेल असेही नाही. कृती बदलली की यादी बदलते. म्हणून आमच्या घरचा पहिला नियम: नाव वाचायचे नाही, यादी वाचायची, आणि ती दर खेपेस, दर डब्याची.

डबा कसा वाचावा

आपल्याकडे वेष्टनावर काय छापावे याचे नियम अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, घालून दिले आहेत. त्यांतले चार मुद्दे पाठ करावेत.

एक: घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. व्हीट, व्हीट फ्लोअर, रिफाइन्ड फ्लोअर (म्हणजे मैदा), सेमोलिना (रवा), बार्ली, माल्ट, राय, वेफर, बिस्किट. यांतला एकही शब्द दिसला की डबा इतरांसाठी. ओटबद्दल डॉक्टरांना विचारावे. तो गव्हाच्या संगतीत वाढतो आणि साठवला जातो.

दोन: यादीनंतर ‘कन्टेन्स’, म्हणजे ‘यात आहे’, अशी ओळ असते. ग्लुटेन असलेली धान्ये त्या ओळीत सांगणे बंधनकारक आहे.

तीन: ‘मे कन्टेन’, म्हणजे ‘असू शकेल’, ही ओळ. यंत्राच्या संगतीची कबुली ती हीच. ती असली तर आम्ही डबा बाजूला ठेवतो. परंतु ती नसली म्हणजे संगत नाहीच, असे मात्र धरून चालत नाही.

चार: ‘ग्लुटेन फ्री’ हे शब्द. ते छापायचे तर मालात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. म्हणजे शंभर ग्रॅमच्या वडीत जास्तीत जास्त दोन मिलिग्रॅम. सर्वांत खात्रीची खूण ही. ‘लो ग्लुटेन’ मात्र निराळे; ते आपल्या कामाचे नाही.

आणि हिरवा ठिपका? आमच्या शेजारच्या काकूंनी मोठ्या विश्वासाने तो दाखवला होता. तो ठिपका शाकाहाराचा. गव्हाशी त्याचा काही संबंध नाही. गहू शाकाहारीच असतो!

डब्यातल्या सुट्या, छोट्या चॉकलेटांवर यादी सापडेलच असे नाही. अगदी लहान वेष्टनाला तिच्यातून सूट आहे. ती मोठ्या डब्यावर असते. तेव्हा कोणी डबा फोडून मूठभर चॉकलेटे मुलाच्या हातावर ठेवली, तर त्या चॉकलेटांचा हिशेब डब्याबरोबर गेला असे समजावे. हल्ली पुष्कळ घरांतून बायका दिवाळीसाठी सुंदर चॉकलेटे करून विकतात. त्यांना आडपडदा न ठेवता विचारावे: त्याच भांड्यात, त्याच साच्यात बिस्किटाची चॉकलेटे करता का? प्रामाणिक बाई ‘हो’ म्हणते, आणि त्या ‘हो’बद्दल तिचे आभार मानावेत.

परदेशातून येणाऱ्या पिशव्यांचे आणखी एक आहे. आमचा पुतण्या अमेरिकेत असतो. तिकडच्या हॅलोविनचा सण आपल्या दिवाळीच्या आगेमागे येतो, आणि त्याच्या बॅगेतून त्या सणाची चॉकलेटे येतात. तिकडच्या कायद्याने ‘कन्टेन्स’च्या ओळीत गहू सांगावा लागतो, पण जव सांगावा लागत नाही. म्हणून अमेरिकन वेष्टनावर ती ओळ पाहून थांबू नये. पूर्ण यादीत माल्ट शोधावा. युरोपातल्या वेष्टनांवर असले घटक यादीतच ठळक छापतात. जवही त्यात आला.

शंका उरली तर वेष्टनावर कंपनीचा पत्ता आणि ग्राहकांसाठी फोन नंबर असतो. मी विचारतो: ‘हा सणाचा डबा तुमच्या साध्या वडीच्याच यंत्रावर होतो का? त्या यंत्रावर गव्हाचा माल जातो का? मध्ये यंत्र धुतात का?’ काही ठिकाणी सरळ उत्तर मिळते. काही ठिकाणी ‘आमची उत्पादने उच्च दर्जाची आहेत’ असे ऐकायला मिळते. हिशेबतपासणीत अशा उत्तराला आम्ही ‘पावती सादर केली नाही’ असा शेरा मारत असू. इथेही तोच.

फराळ सोपा, पाहुणचार अवघड

खरे सांगायचे तर फराळाचे कोडे चॉकलेटापेक्षा लवकर सुटले. शंकरपाळे, मैद्याच्या करंज्या आणि रव्याचे लाडू तिच्या ताटातून गेले. पण अनारसे तांदळाचे, चिवडा पोह्यांचा, आणि नाचणीचे लाडू तर तिला चॉकलेटापेक्षा आवडतात. आमच्या सौ. म्हणतात, “पोरीचा रोज उपासच आहे म्हणा! वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळं चालतंय.” दोन ठिकाणी मात्र आम्ही ठेचकाळलो. बेसन आणि भाजणी ज्या गिरणीत दळायची, तिथे आधी कोणाचे तरी गहू दळलेले असतात. म्हणून डाळ आता घरच्या यंत्रावर दळतो. आणि हिंग! डबीतल्या बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ घातलेले असते. चिमूटभर हिंग, पण चिवड्यात आहे, चकलीत आहे, वरणात तर रोज आहे. ती डबीही आता वाचून घेतो.

अवघड होता तो पाहुणचार. आपल्याकडे दिलेले नाकारणे म्हणजे देणाऱ्याला नाकारणे. ‘एवढंसं खाल्लं तर काय होतंय’ म्हणणाऱ्या मावश्या प्रेमानेच म्हणतात. पहिल्या वर्षी मी त्या प्रेमाला भ्यालो आणि त्याची किंमत सहा वर्षांच्या पोरीने भरली. आता मी पाहुण्यादेखत भिंग काढतो. काही जणांचे चेहरे उतरतात. मग नात स्वतःच सांगते, “मला गव्हाने बाधतं, म्हणून आम्ही सगळ्यांचेच डबे वाचतो.” त्या ‘सगळ्यांचेच’मध्ये फार शहाणपण आहे. एकाचाच डबा वाचला तर तो संशय. सगळ्यांचे वाचले तर तो रिवाज. न चालणारा डबा परत करत नाही. तो तिच्या चुलतभावाकडे जातो, आणि त्याच्या बदल्यात कपाटातल्या तिच्या खास डब्यातून तपासलेली दोन चॉकलेटे तिला मिळतात.

त्या भाऊबीजेनंतर सुनेच्या भावाला खरे कारण कळले तेव्हा तो फार खजील झाला. वर्षभर त्याने भाचीसाठी खायचे म्हणून काही आणले नाही. खेळणी आणी, पुस्तके आणी. मला ते जास्त लागले. माझ्या एका खोट्या सभ्यपणापायी पोरीच्या मामाचा हात आखडला होता.

गेल्या भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी फोन वाजला. मागे दुकानातली गर्दी, कोणी तरी ‘साहेब, जरा बाजूला व्हा’ म्हणत होते. मामा बोलत होता. “काका, तुमच्याकडे वही आहे ना? मी वाचतो. साखर, कोको बटर, दुधाची भुकटी...” त्याने एक डबा वाचला, तो बाद झाला. दुसरा वाचला, त्यात ‘असू शकेल’ची ओळ निघाली. तिसऱ्याला इमल्सिफायर ४७६वर अडला. मी म्हटले, ‘तो निर्धोक आहे, पुढे चला.’ नात माझ्या खुर्चीच्या हातावर बसून ऐकत होती. यादी संपली. खालची ओळ आली: दूध आणि सोया. एवढेच. कोपऱ्यात ‘ग्लुटेन फ्री’.

मी काही बोलायच्या आतच तिने फोन हातात घेतला आणि म्हणाली, “मामा, शेवटची ओळ परत एकदा वाच.”

त्याने ती परत वाचली.